प्रतिसाद: एटीआर की थेट जेट?

नव्या पायलटनं आधी एटीआर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) धरावं की थेट एअरबससारखं जेट, या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'उजळाईवाडीला (कोल्हापूर विमानतळावर) विमानं वाढली, पोराला इथंच नोकरी लागेल'. तसं होत नसतं! बेस, म्हणजे पायलटचं नेमणुकीचं ठिकाण, कंपनी ठरवते. कोल्हापूरला बहुतेक विमानं येतात आणि परत जातात.

२०० तास उडून मिळणारं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) म्हणजे नुसता परवाना. टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवायची पात्रता) वेगळं, त्याचा खर्च वेगळा. एटीआरचं घेतलंत तर एअरबसला जाताना ते पुन्हा करावं लागतं.

पगारात ठरलेला भाग किती आणि तासांवरचा किती, हे आधी विचारा. हमीचे तास (उडालात न उडालात तरी ज्यांचे पैसे मिळतात ते) कमी असतील तर विमान हँगरमध्ये अडकलं की हातात येणारी रक्कम घटते. उडण्याची वरची मर्यादा वर्षाला १००० तास, पण छोट्या मार्गांवर टेकऑफ-लँडिंगच जास्त, तास सावकाश साठतात. कॅप्टन व्हायला एटीपीएल (सीपीएलच्या वरचं लायसन्स) लागतं, त्याला १५०० तास. म्हणून पगारापेक्षा महिन्याला किती तास मिळतात ते बघावं, असं माझं मत.

बाँडची रक्कम (मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला द्यायची) दरवर्षी कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, ते कलम नीट वाचा. नियमात को-पायलटला नोकरी सोडताना नोटीस सहा महिन्यांची आहे, ती वेगळी.

आणि ट्रेनिंगची फी भरण्याआधी मेडिकल! आधी क्लास टू (सुरुवातीची तपासणी), मग क्लास वन (सीपीएलला लागणारी).