मदत हवी आहे: उसाच्या पानावरच्या काळ्या अंड्यांतून निघालेली ट्रायकोग्रामा (किडीच्या अंड्यांत वाढणारी इवलीशी माशी) कोणती?

नमस्कार मंडळी,

ऊस दीड महिन्याचा आहे. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा आत वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड) आणलं, पट्ट्या कापून संध्याकाळी पानांखाली स्टेपल केल्या. सातव्या दिवशी एक पान उलटलं तर खोडकिडीचा अंडीपुंज, कौलांसारखी एकावर एक चढलेली अंडी. पण पांढरट नव्हेत, काळी कुळकुळीत. नुसता ठिपका काळा असता तर अळी निघायला आली म्हटलं असतं; इथे अख्खं अंडंच काळं. पानाचा तुकडा काचेच्या नळीत घालून कापसाचा बोळा लावला. तिसऱ्या दिवशी उजेडाच्या बाजूला धूळ चालताना दिसली! जेमतेम अर्धा मिलिमीटर, डोळे लालभडक.

भाचीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पावलाला तीनच पेरं, पुढच्या पंखावर केसांच्या रांगा. म्हणजे ट्रायकोग्रामा, इथवर माझं मला जमलं. पुढे अडलं. कार्डावर 'चिलोनिस' छापलंय, वडिलांच्या जुन्या पुस्तकात खोडकिडीच्या या शत्रूला 'ऑस्ट्रॅलिकम' म्हटलंय. जाती दोन की एकच? आणि नळीतल्या माश्या कार्डातल्या की शेतातल्याच? (दुकानदार म्हणाला, "माशी ती माशी." त्याला काय!)

प्रतिसाद
रंगावर जाऊ नका. थंडीत वाढलेली तीच जात काळपट दिसते, उन्हाळ्यात पिवळी. माद्यांवरूनही जात ठरत नाही. नर शोधा: त्याच्या मिशांवर लांब केस असतात, मादीची मिशी टोकाला गदेसारखी. नराचं जननांग स्लाइडवर पाहावं लागतं. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या कीटकतज्ज्ञांनी १९७१ मध्ये याच खुणेवर बऱ्याच जातींची वर्णनं नव्याने लिहिली. पुस्तकातली ऑस्ट्रॅलिकम बहुतेक चिलोनिसच. आपल्याकडे ते नाव चुकून चिकटलं होतं.

नर नसलाच, तर पुढच्या वेळी एकेक काळं अंडं वेगळ्या नळीत ठेवा. एकटीच निघालेल्या, म्हणजे नराशी गाठ न पडलेल्या मादीला तांदळाच्या पतंगाची ताजी अंडी द्या. फलन न झालेल्या अंड्यांतून नर निघतात. तरीही माद्याच आल्या तर वोल्बाकिया जिवाणूचा संशय घ्या; तो अंगात असला की नराविनाही माद्याच जन्मतात.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. चिलोनिस आपल्या शेतांत मुळातच असते. कार्ड लावण्याआधीचे पुंज ठेवले असते तर तुलना तरी झाली असती.

मूळ प्रश्नकर्ता
ते आत्ता कळलं! नळीत अकरा आहेत, दोघांच्या मिशा केसाळ वाटतायत. पण मेल्यात. चालतील?

प्रतिसाद
चालतील. लगेच अल्कोहोलमध्ये टाका. वाळल्या की चुरमडतात, मग स्लाइडवर काही दिसत नाही.