अडीच वर्षांच्या मुलासोबत स्वयंपाक

अडीच वर्षांचं मूल पदार्थ पूर्ण होईपर्यंत टिकतच नाही, असं वर एका ताईंनी लिहिलंय. मला वाटतं, त्याने टिकावं ही अपेक्षाच सोडा. मोजणं-चिरणं आधी उरकून ठेवा आणि त्याला फक्त हातांचं काम द्या: केळं कुस्करणं, पानं खुडणं, पीठ ढवळणं. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतण्यातच रमलं तर रमू द्या, पदार्थ थांबेल. मनगट वळवायला ते तिथेच शिकतं.

ढिलाई नको ती खाण्याच्या बाबतीत. कच्च्या अंड्याचं बहुतेकांना माहीत असतं, पण कच्च्या पिठातही जंतू असू शकतात. दळल्याने ते मरत नाहीत. म्हणून कालवलेलं मिश्रण चाटू देऊ नका. द्राक्षांच्या गोल चकत्या नकोत, उभे चिरून ४ तुकडे करा. अख्खे दाणे ४-५ वर्षांपर्यंत टाळाच, घशात अडकतात. घरात वर्षाच्या आतलं भावंड असेल तर मधाचं बोट त्याच्या तोंडात जाणार नाही हेही बघा.

स्टूल भक्कम हवं आणि शेगडीपासून लांब. खरं तर सगळं जमिनीवर मांडून बसणं मला जास्त सोयीचं वाटतं, पडायची भीतीच नाही.