मदत हवी आहे : एस्टोनियात कबरीवर जाताना काय न्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही टार्टूत राहतो. शेजारच्या आजींनी २ नोव्हेंबरला, म्हणजे ‘हिंगेदेपाएव’ या मृतात्म्यांच्या दिवशी, आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला सोबत बोलावलंय. फार आपुलकीनं बोलावलंय, म्हणून काही चुकायला नको. पूर्वी या दिवसांत इथे पितरांसाठी पान मांडत, घरात गोंगाट टाळत. आता खिडकीत मेणबत्ती ठेवतात.

झाकणाची, वाऱ्यात टिकणारी मेणबत्ती घेतलीय. मृतांना फुलं सम संख्येत वाहतात. या दिवशीही तसंच का? नंतर प्योल्व्हाजवळच्या रोस्माचं क्रूसवन पाहायचंय. अंत्ययात्रा थांबवून नातलगांनी झाडाच्या सालीत क्रूस कोरलेत, आत्म्याने घरी परतू नये म्हणून. तिथे फोटो काढलेला चालतो का? इथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा.