प्रतिसाद: माल द्या, पण मुदत आपली
वरती कुणीतरी लिहिलंय की मोठ्या दुकानांना माल दिल्याशिवाय घरगुती मसाल्यांचा धंदा वाढत नाही. वाढतो हो, पण सोबत उधारीही वाढते. मिरची-धणे रोखीने, डंकवाल्याचे पैसे हातोहात, आणि आपलं बिल मात्र तीन महिने 'प्रोसेसमध्ये'!

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या (फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका). मग २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने दुकानाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मी तर निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय मिरचीचं पोतं फोडत नाही. एकदोन गिऱ्हाइकं त्यावरून तुटली, तुटू देत.