शर्मिला रेगे वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करू? (वाचनगटासाठी सल्ला हवाय)

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. आमचा नऊ जणींचा वाचनगट आहे, दर शनिवारी चार ते सहा, आळीपाळीने एकेकीच्या घरी. आत्तापर्यंत कथा कादंबऱ्या प्रवासवर्णनं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मागच्या शनिवारी एकीने समाजशास्त्रज्ञ आणि स्त्रीवादी अभ्यासक शर्मिला रेगेंच्या १९९८ च्या इंग्रजी लेखाची झेरॉक्स आणली, दलित स्त्रिया वेगळं बोलतात अशा अर्थाचं शीर्षक आहे, आणि दुसऱ्या पानावर पोचायच्या आधीच जुंपली. एक काकू म्हणाल्या, नवरा हात उगारतो तेव्हा जात विचारून उगारतो का, बाई ती बाई, आम्ही जातपात मानत नाही, इथे कशाला आणता. त्यावर जिने झेरॉक्स आणली ती म्हणाली, तुम्हाला मानायची वेळच येत नाही काकू, आमच्यावर येते. झालं. दोघी निघताना एकमेकींशी बोलल्याही नाहीत.

मला हे असं अर्धवट सोडायचं नाहीये. रेगे नक्की काय म्हणतात, आधी काय वाचावं, मराठीत काय मिळेल (इंग्रजी आमच्यातल्या चौघींनाच नीट जमतं) आणि गट फुटणार नाही असं काहीतरी सुचवा. प्लीज नुसतं "सगळंच वाचा" म्हणू नका.

कोपऱ्यातली_खुर्ची

ताई, झेरॉक्स बाजूला ठेवा. तो लेख चांगला आहे पण चळवळीतल्या आणि विद्यापीठातल्या लोकांशी वाद घालायला लिहिलाय, अर्ध्या गोष्टी वाचणाऱ्याला माहीत आहेत असं धरून चालतो. तुमच्याकडे इंग्रजी वाचकाला न मिळणारी एक सोय आहे. रेगेंचं २००६ चं पुस्तक, 'रायटिंग कास्ट / रायटिंग जेंडर', ते उभंच मुळात मराठी आत्मकथनांवर आहे. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, शांताबाई दाणी, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार अशा बायकांनी मराठीत लिहिलेलं त्यांनी इंग्रजीत नेलं आणि त्यावर लिहिलं. मग आपण इंग्रजीला वळसा घालून उलट्या बाजूने का जाऊ नये? आधी मूळ वाचा, मग रेगे त्याकडे कसं बघतात ते बघा.

त्या ह्या पुस्तकांना आत्मचरित्र म्हणत नाहीत, साक्ष म्हणतात. म्हणजे लिहिणारी 'मी' म्हणते पण त्या 'मी'च्या मागे अख्खी वस्ती उभी असते. आपल्याला आत्मचरित्र म्हटलं की एका माणसाचा संघर्ष आणि शेवटी यश असं वाचायची सवय असते, अरेरे किती सोसलं बिचारीने म्हणायचं आणि पुस्तक मिटायचं. साक्ष म्हटली की तसं सुटता येत नाही, ऐकणाऱ्यालाही काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

सुरुवात बेबीताई कांबळेंच्या 'जिणं आमुचं' पासून करा. फलटणकडच्या. छोटं दुकान चालवायच्या, सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत बसायच्या, आणि स्वतःचं लिहिलेलं किती वर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलेलं. आता तुमच्या काकूंच्या प्रश्नाचं बघा. त्यात सासुरवासाचा भाग आहे, तो मोठ्याने वाचा. कोवळ्या सुना, पहाटेपासून जातं, भाकरी नीट जमली नाही म्हणून मार, पळून गेली तर पकडून आणून पायात लाकडाचा खोडा. हे करणारे घरचेच. बेबीताई काही झाकत नाहीत. आणि मग म्हणतात (माझ्या शब्दात सांगते) की जगाने आम्हाला गुलाम केलं होतं, पण हुकूम गाजवायची हौस आम्हालाही होतीच, आमच्या हाताखाली कोण येणार, मग आम्ही आमच्या सुनांनाच गुलाम केलं.

सत्ता कशी खाली खाली झिरपते हे मी ह्याहून नेमकं कुठे वाचलेलं नाही. काकूंचं अर्धं बरोबर आहे की नवरा सगळीकडे मारतो. पण त्या मारामागे गावाने लादलेली उपासमार आणि वेठ पण आहे, आणि ती सगळ्या बायकांच्या वाट्याला आलेली नाही. दोन्ही एकदम बघायचं, एकासाठी दुसरं झाकायचं नाही, रेगेंचा सगळा आग्रह माझ्या मते एवढाच आहे.

सरळसोट

विरोधी मत मांडतो, राग मानू नये. मला हे जात आणि स्त्री प्रकरण चळवळ फोडणारं वाटतं. आधीच बायकांची एकी होत नाही, त्यात अशी खाती पाडली की ज्याला नको आहे त्याचंच फावतं. शिवाय ही सगळी विद्यापीठातली भाषा, सामान्य बाईला काय कळणार.

खडू_फळा

@सरळसोट, हाच आक्षेप तेव्हाही होता त्यामुळे राग कसला. थोडा इतिहास सांगतो, जमेल तेवढा आटोपशीर.

१९९५ मध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत लिहिलं की दलित बायकांना वेगळं बोलावं लागतं, कारण एकीकडे सवर्ण स्त्रियांच्या संघटना आणि दुसरीकडे दलित पुरुषांचं पुढारपण, दोघांच्या मध्ये त्यांचा आवाज दबतो. रेगेंचा १९९८ चा लेख हे त्याच्या पुढचं पाऊल. त्यांचं म्हणणं असं की सत्तर ऐंशीच्या दशकात दलित म्हटलं की डोळ्यासमोर पुरुष यायचा आणि स्त्री म्हटलं की सवर्ण बाई, मग दलित बाई कुठल्या यादीत? दोन्हीकडून गळाली. म्हणजे खाती पाडली रेगेंनी नाही, खाती होतीच, त्यांनी फक्त पाटी वाचून दाखवली.

आता दुसरा अर्धा भाग, जो लोक वाचतच नाहीत. तुम्ही वेगळ्या आम्ही वेगळ्या, तुमचं तुम्ही बोला, असं म्हणून हात झटकायलाही त्यांचा तेवढाच विरोध आहे. वरून नम्रता दिसते, आतून ती पळवाट आहे. दलित बाईच्या जागेवरून समाज बघायला शिकणं हे काम सवर्ण स्त्रीवाद्याचंही आहे, तिच्या वतीने बोलायचं नाही पण आपली जागा तपासून स्वतःला बदलायचं. रेगे स्वतः दलित नव्हत्या, तेव्हा हे त्या आधी स्वतःलाच सांगत होत्या.

आणि सगळ्यांनी मान डोलावली असंही नाही हं. स्त्रीवादी अभ्यासक छाया दातारांनी १९९९ मध्ये त्याच साप्ताहिकात उत्तर दिलं, कष्टकरी बायकांचं पाणी, जंगल, जगण्याची साधनं हा मुद्दा ह्या मांडणीत मागे पडतो असा साधारण रोख. मला स्वतःला दातारांचा तो मुद्दा पूर्णपणे उडवून लावता येत नाही. गटात दोन्ही बाजू ठेवा, काकूंनाही बोलायला जागा राहील.

सामान्य बाईला काय कळणार हे मात्र पटलं नाही. डिसेंबर १९९६ मध्ये चंद्रपूरला दलित महिलांच्या परिषदेत २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा असा प्रस्ताव आला, १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस. ती मागणी मांडायला कुणाला विद्यापीठाची भाषा लागली नव्हती.

जाता जाता. मी शिकवतो म्हणून मला त्यांचं शिक्षणावरचं लिखाण जास्त लागतं. फुल्यांच्या 'तृतीय रत्न' नाटकाचं (१८५५) नाव घेऊन त्यांनी २०१० मध्ये लिहिलं, की वर्गात सत्ता कशी चालते, कोणाची भाषा प्रमाण, कोणाचा अनुभव ज्ञान आणि कोणाचा नुसता किस्सा. ते वाचल्यावर मी माझ्याच वर्गात दोन आठवडे नुसत्या खुणा केल्या, कोण बोललं त्याच्या नावापुढे टिंब. शेवटच्या दोन बाकांपुढे एकही टिंब नव्हतं, आणि इतकी वर्षं मी त्यांना 'शांत मुलं' म्हणत होतो.

हाफ_तिकीट

+१. आणि लावणीवरचा लेख कसा काय कोणी सांगितला नाही?? १९९५ चा. आपण लावणी म्हणजे महाराष्ट्राची शान म्हणून शिट्ट्या मारतो, त्यात नाचणाऱ्या बायका कुठल्या जातींतून आल्या आणि का, हे कोण विचारतं. रेगे दाखवतात की एका बाजूला सोवळ्यात कोंडलेली उच्चवर्णीय विधवा आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांसाठी खुली मानलेली तमाशातली बाई, ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत, एकीला बंद ठेवायचं तर दुसरीला खुली ठेवावी लागते. मला हे वाचल्यावर लग्नाच्या हॉलमधली लावणी पूर्वीसारखी बघताच येत नाही, मजा गेली म्हणा हवं तर.

निळी_शाई

धागाकर्तीसाठी एक वेगळा उपाय. जात घरात कुठून शिरते हे काकूंना दाखवायचं असेल तर वाद नको, लग्नाचा बायोडेटा काढा. तुमच्या गटात कोणाच्या तरी मुलामुलीचं बघणं चालू असेलच.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठातल्या सेमिनारमध्ये निबंध वाचला, वय पंचवीस फक्त. त्यांचं म्हणणं जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याने. मग हिशेब असा येतो की नवरा मेला तर बाई 'जास्तीची' होते, ती जातीबाहेर लग्न करेल ही भीती, म्हणून सती नाहीतर सक्तीचं वैधव्य. बायको मेली तर पुरुष जास्तीचा, पण पुरुषाला कोण जाळणार, त्याची किंमत असते, म्हणून त्याच्यासाठी लहान मुलगी आणायची, की झाला बालविवाह. म्हणजे जात आणि बाईवरचं बंधन हे दोन प्रश्न नाहीतच, बाईला आवळल्याशिवाय जात चालत नाही.

हे आपण जातिअंताचं लिखाण म्हणून वाचतो. रेगेंनी २०१३ च्या 'अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू' मध्ये बाबासाहेबांचे असे लेख एकत्र करून, प्रत्येकाला प्रस्तावना लिहून, हे स्त्रीवादी लिखाण आहे असं ठणकावून सांगितलं, आणि स्त्री अभ्यासवाल्यांनी ते इतकी वर्षं का बघितलं नाही हेही विचारलं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या गेल्या, जेमतेम अठ्ठेचाळीस वर्षांच्या. अजून किती लिहिलं असतं.

पुस्तक इंग्रजी आहे, पण बाबासाहेबांचा निबंध मराठी अनुवादात सहज मिळतो, लहानसा आहे, एका शनिवारी होईल.

सरळसोट

बायोडेट्याचं उदाहरण बिनतोड आहे हे कबूल. माझ्या भाच्याच्या बायोडेट्यात मीच टाइप केलं होतं, 'पोटजात चालेल'. त्या वेळी फार पुरोगामी वाटलं होतं मला.

दुपारचा_चहा

उशिरा येतेय, आधी सगळ्यांचे आभार. दोन शनिवार झाले.

'जिणं आमुचं' मधला सासुरवास वाचला. मोठ्याने वाचायचं ठरलं आणि मुद्दाम काकूंकडे पुस्तक दिलं, त्यांचं वाचन फार छान आहे. खोड्याच्या जागी आल्यावर त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या पुढचं तू वाच, आणि पुस्तक झेरॉक्सवालीच्याच हातात दिलं. ती वाचत गेली. नंतर चर्चा अशी फार झाली नाही. काकू एवढंच म्हणाल्या की मला माझी आजेसासू आठवली, पण आमच्याकडे धान्याची कणगी भरलेली असायची.

मग पावणेसहाला यजमान मैत्रिणीकडे स्वयंपाकाच्या ताई आल्या आणि आमच्यातल्या सगळ्यात धाकटीने विचारलं, आपण चार ते सहा बसू शकतो कारण सहा वाजता कोणीतरी येऊन कणीक मळतं, त्यांचे चार ते सहा कुठे जातात? कोणी काही बोललं नाही. मी पण नाही, माझ्याकडेही साडेसहाला येतात. हे कसं पुढे न्यायचं मला खरंच कळलेलं नाही, ताईंना "तुम्ही पण बसा" म्हणणं खोटं वाटतं, पगारी वेळ द्यायचा का वगैरे घोळ चालू आहे.

पुढच्या शनिवारी १९१६ चा निबंध घेतोय. बायोडेटा काकूच आणणार आहेत, नातवाचा. आणि ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' ची एकच प्रत मिळालीये, नऊ जणींत फिरवायची कशी? @कोपऱ्यातली_खुर्ची, त्यातला कुठला भाग आधी घेऊ?

कोपऱ्यातली_खुर्ची

सुरुवातच घ्या, डोक्यावर भारे घेऊन डोंगर उतरून बाजाराला जाणाऱ्या बायका. आणि फिरवू नका, मोठ्यानेच वाचा. काकूंकडून.