मदत हवी आहे : आयनिक बंधातील ऊर्जेचा हिशेब अकरावीला कसा समजवावा?

नमस्कार. चोपडा तालुक्यात मी अकरावीला रसायनशास्त्र शिकवतो. सोडिअमचे इलेक्ट्रॉन संरूपण (कवचांमधील इलेक्ट्रॉनांची मांडणी) २, ८, १ आणि क्लोरीनचे २, ८, ७, म्हणून सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो व क्लोरीन तो घेतो, हे मुलांना चटकन पटते. परंतु एका विद्यार्थिनीने फार मोलाचा प्रश्न विचारला: वायुरूप सोडिअम अणूतून इलेक्ट्रॉन काढायला प्रतिमोल सुमारे ४९६ किलोज्यूल लागतात आणि क्लोरीन अणूने तो स्वीकारताना ३४९ च मिळतात, तर हा तोट्याचा व्यवहार घडतोच कसा? असे बनलेले आयन (विद्युतभारित अणू) एकत्र येऊन मिठाचा स्फटिक बनताना सुमारे ७८७ किलोज्यूल मुक्त होतात, हे मी सांगितले. तरीही ‘अणूला अष्टक (बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन) हवे असते’ हीच समजूत वर्गात घट्ट बसलेली आहे. स्फटिकातील हे आकर्षण साध्या साहित्याने दाखवण्याची पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया सविस्तर कळवावी.