फुप्फुसाची गाठ: केमो ऑपरेशनच्या आधी की नंतर?

प्रश्न:
फुप्फुसाचा कॅन्सर, नॉन-स्मॉल सेल प्रकारातला अ‍ॅडिनोकार्सिनोमा. गाठ ४.५ सेंमी, त्याच फुप्फुसाच्या मुळाशी एक ग्रंथी बाधित, स्टेज २बी. गाठ काढता येण्यासारखी आहे, तरी आधी तीन केमो का? तेवढ्यात गाठ वाढली तर?

प्रतिसाद १:
ग्रंथीत पेशी पोचल्या म्हणजे त्या रक्तावाटे पुढेही गेल्या असतील, असं धरूनच उपचार ठरतात. अशा पेशी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, सर्जनच्या हाती लागत नाहीत. केमो त्यांच्यासाठी. ऑपरेशननंतर केमोच्या चार सायकल (फेऱ्या) देण्याची पद्धतही आहेच, पण छाती उघडल्यावर पेशंट थकतो आणि बऱ्याचदा डोस अर्धवट राहतात. आधी दिल्यास ते पूर्ण होतात, शिवाय औषध लागू पडलं की नाही हे काढलेल्या गाठीवरून कळतं. चेकमेट ८१६ या औषधचाचणीत नुसत्या केमोनंतर २.२ टक्के पेशंटमध्ये जिवंत कॅन्सरपेशी उरली नव्हती. निवोलुमॅब (इम्युनोथेरपीचं, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध) जोडल्यावर २४ टक्के.

केमो चालू असतानाही काहींची गाठ वाढते, हे खरं. म्हणून शेवटच्या सायकलनंतर पुन्हा सीटी, आणि सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन. ही तारीख केमो सुरू होतानाच सर्जनकडून ठरवून घ्या.

प्रतिसाद २:
थांबा, ईजीएफआर आणि एएलके (गाठीतल्या जनुकांमधले बदल) तपासलं का? यापैकी काही पॉझिटिव्ह असेल तर इम्युनोथेरपीचा उपयोग फार कमी. ऑपरेशननंतर ईजीएफआरसाठी ओसिमर्टिनिबच्या गोळ्या तीन वर्षं, एएलकेसाठी अ‍ॅलेक्टिनिबच्या दोन वर्षं देतात. रिपोर्ट येण्याआधी घाईने इम्युनोथेरपी दिली आणि मागोमाग ओसिमर्टिनिब सुरू केलं, तर फुप्फुसाला गंभीर सूज येऊ शकते. रिपोर्टसाठी थोडं थांबलेलं परवडतं.

प्रतिसाद ३:
केमोसाठी सिस्प्लॅटिन-पेमेट्रेक्सेड ही औषधांची जोडी ठरली असेल तर फॉलिक अ‍ॅसिड (रोज ४०० मायक्रोग्रॅम चालतं) आणि बी-१२चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आठवडाभर आधीच सुरू व्हायला हवं. हे राहिलं तर रक्तातल्या पेशी जास्त घसरतात, तोंड सोलतं. सायकल दर २१ दिवसांनी. प्रत्येक सायकलच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात १००.४ फॅरनहाइट ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत न्या. ऑपरेशनआधी फुप्फुसाची क्षमता, विशेषतः डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो ते), पुन्हा मोजा. केमोने ती उतरू शकते.

प्रश्नकर्ता:
ऐकू थोडं कमी येतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या कामाचं माप) ५२.

प्रतिसाद ३:
मग सिस्प्लॅटिन नको. दोन्ही गोष्टी त्याने आणखी बिघडतात. कार्बोप्लॅटिनबद्दल विचारा. त्याचा डोस क्लिअरन्सवरूनच काढतात, त्यामुळे हा आकडा ताजा हवा.